पाळकांच्या टेबलावर नहेम्याचा पाचवा अध्याय

टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या आमच्या शहरात पेडे लोनच्या, म्हणजे पुढच्या पगारापर्यंत भरमसाट फी लावून छोटं कर्ज देणाऱ्या, दुकानांवर निर्बंध यावेत म्हणून 2015 साली आम्ही मंडळ्यांची (चर्चची) आघाडी बांधत होतो. कॅथलिक पॅरिश, मेथडिस्ट, दोन कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट मंडळ्या आणि एक मशीद आधीच आली होती. आली नव्हती ती शहरातली सर्वांत मोठी सदर्न बॅप्टिस्ट (अमेरिकेतला एक मोठा, पुराणमतवादी प्रोटेस्टंट पंथ) मंडळी. नगर परिषदेचे काही सदस्य तिथेच उपासनेला जात, त्यामुळे तिच्याशिवाय मतांची बेरीज होत नव्हती. मी अहमदनगरच्या मंडळीत वाढलेली. सगळे म्हणाले, "तूच जा, तुला बायबलचं वचन पाठ आहे."

पहिल्या भेटीत मी वचन सोडून बाकी सगळं बोलले. अन्याय, शोषण, लोकांची ताकद! तिथल्या पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या मुख्य धर्मोपदेशकांनी, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आमचं काम सुवार्ता सांगणं. हे राजकारण झालं." आठवड्याभरात त्यांच्या एका डीकनचा (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सेवकाचा) ईमेल आला. अशा संघटनबांधणीचे जनक सॉल अलिन्स्की, आणि त्यांच्या 1971च्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच लूसिफरचा, म्हणजे सैतानाचा, पहिला बंडखोर म्हणून उल्लेख आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

माहीत होतं. मी पुस्तकाची बाजू घेतली नाही. अलिन्स्कींनी 1939 साली शिकागोत कत्तलखान्यांमागच्या वस्तीत काम उभं केलं ते तिथल्या कॅथलिक पॅरिशना आणि कामगारांना सोबत घेऊन, एवढं सांगितलं आणि पुन्हा भेट मागितली. चूक माझीच होती. या कामाचा पहिला धडा म्हणजे वन-टू-वन भेट: समोरच्याला काय टोचतंय ते आधी ऐकायचं. मी ऐकायला गेलेच नव्हते.

दुसऱ्या भेटीत मी एकच प्रश्न विचारला. मंडळीच्या मदत निधीतून लोक कशासाठी पैसे मागतात? पाळक म्हणाले, घरभाडं, वीजबिल. मग जरा थांबले. त्यांच्या मंडळीतल्या एका स्कूलबस चालक बाईंना तीनदा भाड्याची मदत दिली होती, कारण त्यांचा पगार हातात येण्याआधीच कर्जवाला खात्यातून फी काढून घ्यायचा. पाचशे डॉलरचं कर्ज, दर दोन आठवड्यांनी सव्वाशे फी, आणि मुद्दल जागच्या जागी. म्हणजे पेटीत पडलेलं दान भाड्याची भरपाई करत होतं आणि भाड्याचे पैसे कर्जवाल्याच्या गल्ल्यात जात होते. टेक्सासमध्ये हे कायदेशीर आहे. व्याज कागदावर दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं आणि उरलेलं मध्यस्थीची फी म्हणून लावायचं. त्या फीला राज्याची मर्यादा नाही.

मग मी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडला. लोक शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकून धान्य घेत होते, मुलं दास होत होती. नहेम्याने श्रीमंतांना सभेत उभं केलं, शेकडा एकाचं व्याज परत द्यायला लावलं, याजकांसमोर शपथ घ्यायला लावली आणि ती मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाको म्हणत आपला ओटा झटकला. मी त्यांना 1875 सालच्या, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याबद्दलही सांगितलं. तिथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, वणवा आमच्या नगर जिल्ह्यात पोचला, आणि 1879 साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पाळक बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी तो अध्याय मोठ्याने वाचला, आणि मला आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना आठवली.

तरीही अडथळे उरले. बॅप्टिस्टांवर बिशप नसतो, निर्णय मंडळी घेते. म्हणून आधी डीकन, मग बुधवारची प्रार्थना सभा, मग मतदान. मंडळीची करसवलत जाईल अशी भीती होती. करकायद्यातल्या 1954च्या दुरुस्तीने मनाई आहे ती उमेदवाराचा प्रचार करायला, प्रश्नावर बोलायला नाही, हे वकिलाकडून लिहून आणलं. सर्वांत कठीण मुद्दा प्रार्थनेचा होता. मशिदीच्या लोकांसोबत एकत्र प्रार्थना त्यांच्या विवेकाला मान्य नव्हती. आघाडीतले काही जण दुखावले. मला मात्र तो आग्रह प्रामाणिक वाटला. ठरलं असं, की प्रत्येकाने आपापल्या नावाने, आपापल्या ठिकाणी प्रार्थना करायची आणि सभेत फक्त काम. सदर्न बॅप्टिस्टांच्या 2014च्या बाल्टिमोर अधिवेशनाने पेडे लोनच्या लुटीचा निषेध करणारा ठराव केला होता. तो डीकनांना वाचायला दिल्यावर सूर बदलला. आपल्याच लोकांनी म्हटलंय, हे कळणं फार महत्त्वाचं असतं.

आघाडीचं वर्गणीदार सदस्यत्व त्यांनी नाकारलं. या एका प्रश्नापुरते येऊ, म्हणाले. मी ते मान्य केलं, आणि आजही मला ते योग्यच वाटतं.

नगरसदस्यांना बोलावलेल्या जाहीर सभेच्या रात्री बसचालक बाईंनी स्वतः साक्ष दिली. मग प्रत्येक नगरसदस्याला सगळ्यांसमोर विचारलं: डॅलसने 2011 साली केला तसा नियम कराल का? कर्ज महिन्याच्या उत्पन्नाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त नाही, हप्ते चारच, आणि प्रत्येक हप्त्यात मुद्दलाचा किमान चौथा भाग फिटला पाहिजे. पाळक मंचावर आले नाहीत, पहिल्या रांगेत बसून होते. त्यांच्या मंडळीतल्या नगरसदस्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग "हो" म्हटलं.

नियम झाला. पुढे स्थलांतरितांच्या प्रश्नावर मी त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी नकार दिला. पण फोन ठेवण्याआधी विचारलं, सुप्याच्या शेतकऱ्यांची ती गोष्ट पुन्हा एकदा सांगाल का, रविवारी प्रवचनात घ्यायची आहे.