मुठीआधी पाय पाहावेत

टॉमी स्मिथ यांचे ते छायाचित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते: विजयमंचावर उभे असलेले दोन कृष्णवर्णीय धावपटू, खाली झुकलेल्या माना आणि काळा हातमोजा चढवून वर उचललेल्या मुठी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी क्रीडाशिक्षक आहे आणि तालुका स्पर्धांच्या तयारीला लागताना हे छायाचित्र मी मुलांना आवर्जून दाखवतो. त्यांची नजर साहजिकच मुठीवर जाते. मी त्यांना आधी पाय पाहायला सांगतो. दोघांच्याही पायांत बूट नाहीत, नुसते काळे मोजे आहेत. आमच्याकडची निम्मी मुले आजही अनवाणी धावतात, त्यामुळे ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेताना माणूस बुटाविना का उभा राहिला असेल, हा प्रश्न त्यांना लगेच पडतो, आणि तिथून मला स्मिथ यांच्या आयुष्याकडे जाता येते.

स्मिथ यांचा जन्म ६ जून १९४४ रोजी टेक्सासमधील क्लार्क्सव्हिल येथे झाला. बारा भावंडांतले ते सातवे. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत असत. वाट्याची शेती म्हणजे काय हे इथल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. राबायचे आपण आणि खळ्यावर मालक उभा, हे त्यांच्या आजोबांनी पाहिलेले आहे. पुढे हे कुटुंब कॅलिफोर्नियातील लेमूर या गावी गेले आणि तिथेही कापूस वेचणे, द्राक्षे तोडणे ही कामे सर्व भावंडांच्या वाट्याला आलीच. शर्यतीतल्या वेगामुळे स्मिथ यांना सॅन होजे स्टेट या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तिथे बड विंटर यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले आणि १९६६-६७ पर्यंत त्यांच्या नावावर विश्वविक्रम जमा होऊ लागले.

मैदानावर ज्याच्यासाठी टाळ्या पडतात, त्याच विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या आसपास भाड्याने खोली मिळत नसे, कारण तो काळा होता. हे वाचले तेव्हा मला परके वाटले नाही. शहरात खोली शोधताना आडनाव ऐकून ‘खोली कालच गेली’ असे सांगितले गेलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. सॅन होजेला हॅरी एडवर्ड्स हे तरुण समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी या अन्यायाविरुद्ध कृष्णवर्णीय खेळाडूंना संघटित केले आणि १९६७ च्या ऑक्टोबरात मानवी हक्कांसाठीचा ऑलिंपिक प्रकल्प उभा राहिला. त्यांच्या मागण्या नेमक्या होत्या. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया (आजचे झिंबाब्वे) यांना ऑलिंपिकमध्ये घेऊ नये. व्हिएतनाम युद्धात जाण्यास नकार दिला म्हणून महंमद अली यांचे काढून घेतलेले अजिंक्यपद परत द्यावे. कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमावेत. आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रुंडेज यांनी पायउतार व्हावे. मेक्सिको सिटीतल्या स्पर्धेवर बहिष्कार घालण्याचाही विचार झाला. शेवटी प्रत्येकाने आपापल्या परीने निषेध नोंदवावा असे ठरले. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, आणि स्पर्धा सुरू होण्याच्या दहा दिवस आधी मेक्सिको सिटीतच विद्यार्थ्यांच्या सभेवर सैन्याने गोळ्या झाडल्या होत्या.

मुलांना मी १६ ऑक्टोबर १९६८ ची ती २०० मीटरची शर्यत सावकाश सांगतो, कारण निषेधाचा सगळा भार त्या शर्यतीवर होता. पदक नाही तर मंच नाही, आणि मंच नाही तर जगाने पाहण्याचा प्रश्नच नाही. त्याच दिवशी उपांत्य फेरीत स्मिथ यांच्या मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू दुखावला. धावपटूच्या दृष्टीने ही दुखापत फार वाईट, कारण सुरुवातीचा झटका आणि वळण दोन्ही तिच्यावरच येतात. बर्फ लावून आणि पट्टी बांधून ते अंतिम फेरीला उभे राहिले. वळणावर जॉन कार्लोस, म्हणजे छायाचित्रात त्यांच्यासोबत मूठ उचललेले धावपटू, पुढे होते. सरळ पट्ट्यात आल्यावर स्मिथ यांनी ढांगा लांबवल्या, कार्लोस यांना मागे टाकले आणि रेषा दहाएक मीटर दूर असतानाच दोन्ही हात उंचावले. वेळ १९.८३ सेकंद. हा विश्वविक्रम अकरा वर्षे टिकला. हात वर न करता ते शेवटपर्यंत झुकून धावले असते तर घड्याळ कुठे थांबले असते, या प्रश्नावर आमच्या मैदानावर दरवर्षी वाद होतो.

मंचावर जे घडले त्यातले काहीच ऐनवेळच्या रागातून आलेले नव्हते. उजव्या हाताची मूठ कृष्णवर्णीयांच्या सामर्थ्याची, कार्लोस यांच्या डाव्या हाताची मूठ एकजुटीची, गळ्यातला काळा रुमाल स्वाभिमानाचा, बुटाविना काळे मोजे गरिबीचे, असा अर्थ स्मिथ यांनी नंतर स्वतः सांगितला. कार्लोस यांच्या गळ्यातली मण्यांची माळ जमावाने झाडाला लटकवून मारलेल्या माणसांच्या आठवणीसाठी होती. राष्ट्रगीत संपेपर्यंत दोघेही जागचे हलले नाहीत आणि त्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही.

सीमाभागातल्या मराठी घरांत वाढलेल्या मुलांना निषेधाची ही रीत ओळखीची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि तो दिवस इथे काळा दिवस म्हणून पाळला जातो. काळे कपडे घालून, दंडाला काळ्या फिती बांधून निघणारी मूक सायकल फेरी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते. तरीही मी त्यांना स्पष्ट सांगतो की आपला प्रश्न भाषेचा आणि हद्दीचा आहे, तर त्यांचा प्रश्न कातडीच्या रंगापायी जीव घेतले जाण्याचा होता, आणि दोन्ही दुःखे एका मापाने मोजू नयेत. त्या दुःखाशी आपल्याकडचे काही जुळत असेल तर ती जात आहे. शेजारच्या धारवाडात जन्मलेले बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, पण पुण्यात खेळताना त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यातून दिला जाई. १९२० साली अन्याय असह्य झाला तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी हिंदू संघातून उघडपणे माघार घेतली होती. ती हकिगत इथल्या मुलांना स्मिथ यांच्याइतकीच माहीत असायला हवी.

‘खेळात राजकारण आणू नये’ हे वाक्य पालकांकडून, अगदी सहकारी शिक्षकांकडूनही मी ऐकत आलो आहे. ब्रुंडेज यांचेही म्हणणे हेच होते. अमेरिकेचा सगळा धावपटूंचा संघच बाहेर काढण्याची धमकी देऊन त्यांच्या समितीने स्मिथ आणि कार्लोस यांची संघातून हकालपट्टी करायला लावली. १९३६ मध्ये बर्लिनला, अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष असताना, नाझी सलामीवर याच गृहस्थांनी आक्षेप घेतला नव्हता. राजकारण मैदानावर आधीपासूनच होते. ज्यांना ते सोसावे लागत होते त्यांनी तोंड उघडले एवढेच नवे घडले, असे माझे ठाम मत आहे.

स्मिथ तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि ऑलिंपिकमध्ये ते पुन्हा कधीच धावले नाहीत. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पैशांची ओढाताण झाली, संसारावर आघात झाले. काही काळ ते सिनसिनाटीच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळले, पुढे ओबर्लिन महाविद्यालयात आणि नंतर बरीच वर्षे सांता मोनिका महाविद्यालयात त्यांनी मुलांना शिकवले. मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. हातात घड्याळ घेऊन, दररोज ठरल्या वेळी मैदानावर येऊन दुसऱ्यांची मुले घडवणे हे काम ते निमूटपणे करत राहिले. सॅन होजे स्टेट या त्यांच्या महाविद्यालयाने त्यांचा पुतळा उभारला तो २००५ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी.

छायाचित्रातला तिसरा माणूस पीटर नॉर्मन. ऑस्ट्रेलियाचा हा गोरा धावपटू २०.०६ सेकंदांत दुसरा आला होता आणि त्यानेही छातीवर त्याच मानवी हक्क प्रकल्पाचा बिल्ला लावला होता. मायदेशी त्याची उपेक्षा झाली. २००६ साली तो वारला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला, आणि २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली. त्याची २०.०६ ची वेळ मात्र ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम म्हणून छप्पन्न वर्षे टिकून राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेन येथे २०.०४ सेकंदांत धावून तो मोडला गाउट गाउट या सोळा वर्षांच्या मुलाने. त्याचे आईवडील दक्षिण सुदानमधून ऑस्ट्रेलियात आलेले आहेत, आणि ती स्पर्धा शालेय स्पर्धा होती.