पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच फुलदाण्यांची जोडी : तपासणी आणि सफाई (माझा अनुभव)

फ्रान्समधल्या जुन्या बाजारांत पितळी फुलदाण्यांचा एक प्रकार हमखास दिसतो. खालच्या भागात पन्हळी, वर उठावातली पाने-फुले, आणि उलटी केली की बुडावर आकडे. या मुळात फ्रेंच सैन्याच्या 75 मिमी तोफेच्या, म्हणजे मोदेल 1897 च्या, रिकाम्या पुंगळ्या आहेत. 1914 ते 1918 या काळात सैनिकांनी, आघाडीमागच्या कारागिरांनी आणि युद्धकैद्यांनी त्या घडवल्या. युद्ध संपल्यावरही रणभूमी पाहायला येणाऱ्यांसाठी हे काम चालू राहिले. अशी एक जोडी घेतल्यावर ती तपासून, साफ करून कपाटात ठेवेपर्यंत मी काय केले ते लिहितो.

आधी बूड पाहिले. मधल्या टोपीवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या छोट्या भागावर, ठोक्याचा खळगा आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचे. तो असेल तर टोपी बहुधा उडालेली आहे. खळगा नसेल तर पुंगळी तापवू नये, ठोकू नये, तिला भोक पाडू नये. फ्रान्समध्ये असाल तर सरळ पोलिसांना कळवावे, बॉम्ब निकामी करणारे सरकारी पथक येते. माझ्या दोन्ही पुंगळ्यांवर खळगा स्पष्ट होता.

खळग्याभोवतीच्या अक्षरांतली '75 डी ई सी' ही खूण 'द कांपान्य', म्हणजे मैदानी तोफेची. त्याशिवाय कारखान्याची आद्याक्षरे, लॉटचा क्रमांक आणि वर्षाचे दोन आकडे असतात. माझ्या जोडीत एकीवर 15 आणि दुसरीवर 17 आहे. एवढ्यावरून जोडी मूळची नसून नंतर जुळवलेली आहे असे ठरवणे चूक. वर्ष पुंगळीचे असते, नक्षीचे नव्हे, आणि कारागीर हाताला लागेल ती पुंगळी घ्यायचा. जोडी ओळखायची ती कामावरून. दोन्हींवरचे पान एकमेकांच्या आरशातले असावे, एकीवर देठ डावीकडे झुकलेला तर दुसरीवर उजवीकडे. पन्हळींची संख्या सारखी हवी. नक्षीमागची जमीन बारीक टोच्याने ठिपके पाडून खरबरीत केलेली असते, त्या ठिपक्यांचा आकार आणि दाटपणाही जुळायला हवा. मूळ पुंगळी 350 मिमी उंच असते, घडवताना ती थोडी आखूड होते. म्हणून दोघींच्या उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी दोष मानत नाही.

फिरत्या यंत्राने खरवडलेली आधुनिक नक्कल भिंगाखाली लगेच कळते. ठोकून केलेल्या उठावाचा ठसा आतल्या बाजूला उलटा उमटतो, खरवडलेल्या नक्षीमागची आतली भिंत सपाट राहते. मी आत टॉर्च टाकून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा फिरवला.

आता भेगांकडे येतो. घेणारे बहुतेक जण त्या बघतच नाहीत आणि नुकसान तिथेच होते. हे पितळ साधारण दोन भाग तांबे आणि एक भाग जस्त असे असते. घडवणारा आधी ते मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करी. मग आपल्याकडचे उठावकाम करणारे राळ भरतात तशी राळ, किंवा शिसे वा वाळू, आत भरून ठोकी. थंड पितळ ठोकले की ते पुन्हा कडक होते आणि आत ताण अडकून राहतो. पन्हळींच्या खाचांत तो फार असतो. अशा ताणलेल्या पितळाला ओलावा आणि अमोनिया मिळाला की ते धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमेवरून उभे चिरत जाते. या दोषाची ओळख आपल्याच देशात झाली. ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत आणि त्यांच्या पुंगळ्या तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळातला ताण मिळून हे होते, याचा उलगडा 1921 साली झाला.

म्हणून पितळ चमकवणारे पातळ पॉलिश घेताना डबीवरचे घटक वाचावेत. अशा अनेक पॉलिशांत अमोनिया असतो. कल्हईवाल्याकडे तर ही वस्तू मुळीच देऊ नये. त्याचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईडच. भेगेला डाख देण्याचा मोहही टाळावा. उष्णतेने शंभर वर्षांचा रंग जातो, आणि डाख धरावा म्हणून लावायच्या फ्लक्समध्ये पुष्कळदा हाच नवसागर असतो.

भेगा पाहायला दहापट भिंग लागते. प्रकाश समोरून नको, बाजूने तिरका पाडावा. जुन्या पॉलिशची पांढरी भुकटी भेगेत बसून सरळ रेघ दाखवते. 17 च्या फुलदाणीत काठापासून खाली 18 मिमी भेग निघाली. बाजूला पट्टी ठेवून तिचा फोटो काढला, म्हणजे ती वाढते का हे दर सहा महिन्यांनी ताडता येईल. बाकी तिला हात लावला नाही.

सफाईला एक लिटर डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य, बिनसुगंधी डिटर्जंटचे चार-पाच थेंब पुरले. कापसाचा बोळा ओला करून पिळायचा, तळहाताएवढी जागा साफ झाली की लगेच कोरड्या कापडाने टिपायची. फुलदाणी पाण्यात बुडवायची नाही, कारण टोपीभोवती पाणी अडकते. ठिपक्यांत घट्ट बसलेली पांढरी भुकटी व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावणाने) मऊ करून बांबूच्या काडीने काढली. सुई किंवा स्टीलचा ब्रश वापरला असता तर नवे ओरखडे उठले असते. 15 च्या फुलदाणीवर जुने लॅकर, म्हणजे चमक टिकवायला दिलेला पारदर्शक लेप, सोलपटत होते. खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून ते अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने उतरवले. विस्तव जवळ नसावा.

चिंच, लिंबू, कोकम ही आपल्या घरातली पितळ घासायची साधने इथे घातक. आम्लाने जस्त विरघळून तांबे मागे उरते, पृष्ठभागावर गुलाबी डाग येतात आणि ते पुसून जात नाहीत. शिवाय नक्षीच्या खाचांतला काळसरपणा हीच या कामाची सावली आहे, ती गेली की उठाव सपाट दिसतो. मी फक्त पानांच्या उंच कडा उजळल्या. त्यासाठी खडूची अतिबारीक भुकटी डिस्टिल्ड पाण्यात कालवून सुती कापडाने हलकेच फिरवली, मग उरलेली पांढरी पूड पूर्ण काढली.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे (खनिज तेलापासून केलेल्या अतिबारीक कणांच्या मेणाचे) दोन पातळ हात दिले. पहिला हात वाळल्यावर मऊ ब्रशने चकाकी आणायची, मगच दुसरा. मेण जाड लागले तर ठिपक्यांत पांढरट साका धरतो.

कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवली आहे. फुले ठेवायचीच असतील तर आत काचेची नळी घालून तिच्यात पाणी ओतावे, पितळात पाणी नको. कुजणाऱ्या देठांतूनही अमोनिया सुटतो. पुंगळीसारखी वस्तू विमानाच्या सामानात तपासणीत अडकू शकते. न्यायची असेल तर विमान कंपनीची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि बुडाचे फोटो जवळ ठेवावेत.