आमची वाटचाल: कागद नसलेली भिशी

आमचा धंदा सुरू कधी झाला यावर घरात एकमत नाही. मुलगी म्हणते १९८६, कारण त्या वर्षी आईने आणि मी कॅलिफोर्नियात लाँग बीचला डोनटच्या दुकानासाठी भाड्याने गाळा घेतला. आई होती तोवर म्हणायची, धंदा कंबोडियात, बट्टाम्बाँगच्या भातशेतात सुरू झाला, तेव्हा तू आठ वर्षांचा होतास.

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हच्या बाजारात वडिलांचं कापडाचं दुकान होतं. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज, म्हणजे तिथले कट्टर कम्युनिस्ट बंडखोर, शहरात शिरले. अमेरिकन विमानं बॉम्ब टाकणार, तीन दिवस बाहेर जा, असं सांगून त्यांनी अख्खं शहर रिकामं केलं. पुढे पैसाच रद्द झाला. राष्ट्रीय बँकेची इमारत सुरुंगाने उडवली. बाजार बंद, शाळा बंद. दुकानदार म्हणजे शोषक, म्हणून चौकशीत वडील सायकलरिक्षावाले झाले. पण हात मऊ होते, फार निभलं नाही. ‘शिकवणीला’ म्हणून नेलं, ते आलेच नाहीत.

बट्टाम्बाँगच्या गावात आम्ही शहरातून आलेले, म्हणजे ‘नवे लोक’. मला मुलांच्या पथकात घातलं. शेण गोळा करायचं, कालव्याची माती वाहायची आणि सामुदायिक भटारखान्यातली पेज प्यायची, तीही शितं मोजून घ्यावीत अशी. घरी चूल पेटवणं गुन्हा. घरं खांबांवर उभी. रात्री माझ्याच वयाची पोरं खाली बसून कोण काय बोलतं ते ऐकायची आणि वर पोचवायची. आई माझ्यासमोरसुद्धा वडिलांचं नाव घेईना.

अशातही तिने व्यवहार केला. उशीत शिवून ठेवलेलं रेशमी सांपोट, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, गावच्या एका बाईला दिलं आणि तांदूळ घेतले. माप होतं कंडेन्स्ड दुधाचा रिकामा डबा. बाई डबा शिगोशीग भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची नाही. सगळा माल एकदम देता येत नव्हता, त्यामुळे राहिलेले डबे नंतर, निव्वळ शब्दावर. सापडल्या असत्या तर दोघींचीही धडगत नव्हती. राहिलेले डबे आले, हे आई आयुष्यभर सांगत राहिली.

जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी ती राजवट उलथवली. तोवर सुमारे सतरा लाख माणसं गेली होती, देशातला जवळपास दर चौथा माणूस. आमची धाकटी बहीण त्यातच. मग थायलंडमधली खाओ-इ-दांगची छावणी आणि तिथून कॅलिफोर्निया.

इथे आमच्यापैकीच टेड नॉय यांनी डोनटचा धंदा आधी शिकून घेतला होता आणि निर्वासितांना दुकानं चालवायला दिली होती. इंग्रजी फारसं लागत नाही, राबायला घरची माणसं असतात, म्हणून आमचे लोक यात आले. भांडवलासाठी बँकेत गेलो तर विचारणा झाली: तारण काय, मागची नोंद काय? आमच्याकडे जन्मदाखलेही नव्हते.

मग तोंतीन, म्हणजे बोलीची भिशी. दर महिन्याला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमायचं, रोख टेबलावर ठेवायची, ज्याची व्याजाची बोली जास्त त्याने उचल घ्यायची. कागद नाही, सही नाही. शेजाऱ्याला चोरून ऐकणाऱ्या पोरांमध्ये वाढलेली माणसं अशी महिन्याची कमाई दुसऱ्याच्या हातात देत होती, याचं मला अजून नवल वाटतं. बुडवणारेही निघाले. आमच्याच एका फेरीत एकजण उचल घेऊन रातोरात दुसऱ्या राज्यात पळाला; बाकीच्यांनी खड्डा वाटून भरला, भिशी मोडली नाही.

आमच्या उचलीतून कढई, मिक्सर आणि अनामत भागली. मध्यरात्रीनंतर पीठ मळायचं, फुगलं की कापायचं, दोन काड्यांनी तेलात उलटायचं, गरम असतानाच पाकात घालायचं. खोके गुलाबी घेतले, कारण पांढऱ्यापेक्षा स्वस्त पडत. आता लोक त्याला परंपरा म्हणतात, म्हणोत बापडे.

गेल्या वर्षी मुलीने दुसऱ्या दुकानासाठी बँकेचं कर्ज काढलं. मला पटलं नव्हतं, पण व्याज बँकेचंच कमी होतं, तेव्हा गप्प बसलो. तोंतीनमध्ये मात्र तिचं नाव घातलंय. पुढच्या महिन्यात तिची पहिली बोली आहे.