शिक्षा जास्तच होती हे मान्य केलं, मग आत असलेल्यांचं काय?

काल रात्री किचनच्या वजनकाट्यावर ५ ग्रॅम साखर मोजून बघितली. एक चहाचा चमचा, जेमतेम शीग लावलेला. एवढं क्रॅक कोकेन विकताना सापडलं की अमेरिकेच्या फेडरल कायद्याने १९८६ पासून किमान ५ वर्षं जेल ठरलेली होती आणि बहुतेक केसमध्ये जजच्या मनात असलं तरी त्याच्याखाली जाता यायचं नाही. तेवढीच शिक्षा पावडर कोकेनसाठी व्हायला ५०० ग्रॅम लागायचे. म्हणून मग शेजारी अर्धा किलो साखरही ओतली, आणि चमचा एकीकडे ढीग एकीकडे असं बघत बराच वेळ तिथेच उभी राहिले. क्रॅक म्हणजे तरी काय, तीच पावडर खायचा सोडा आणि पाण्यात तापवून केलेला खडा. मूळ ड्रग एकच.

हा कायदा झाला तोही घाईघाईत. जून १९८६ मध्ये लेन बायस नावाचा बास्केटबॉल खेळाडू, दोनच दिवसांपूर्वी बॉस्टन सेल्टिक्सने निवडलेला, २२ वर्षांचा पोरगा, कोकेनने गेला. देश हादरला, निवडणुका तोंडावर होत्या, ऑक्टोबरमध्ये कायद्यावर सही सुद्धा झाली. पुढे २००६ चे आकडे बघा, क्रॅकच्या फेडरल केसमध्ये शिक्षा झालेल्यांत ८० टक्क्यांहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते.

३ ऑगस्ट २०१० ला ओबामांनी फेअर सेंटेन्सिंग अ‍ॅक्टवर सही केली, ५ ग्रॅमचे २८ झाले, १०० ला १ चं प्रमाण १८ ला १ वर आलं. पण आधी शिक्षा झालेल्यांना काहीच नाही! समजा दोघं एकाच आठवड्यात तेवढ्याच मालासह पकडले गेले, एकाला जुलैत शिक्षा सुनावली आणि दुसऱ्याची तारीख पुढे ढकलत सप्टेंबरवर गेली, तर २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे दुसऱ्याला नवीन कायदा आणि पहिल्याला जुनाच. मला हे अजूनही पचत नाही.

२०११ मध्ये सेंटेन्सिंग कमिशनने, म्हणजे कोणत्या गुन्ह्याला साधारण किती शिक्षा द्यायची याचे निकष (गाइडलाइन्स) ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, कमी केलेले निकष जुन्या कैद्यांनाही लागू केले, त्याने बरेच जण लवकर सुटले हे खरंय. अशी शिक्षा कमी करायच्या कोर्टाच्या ऑर्डरचा छापील फॉर्म मी बघितलाय, अर्ज नामंजूर की मंजूर त्यासाठी दोन चौकोन आणि मंजूरच्या पुढे ‘इतक्या महिन्यांची शिक्षा कमी करून इतके महिने’ असं लिहायला दोन रिकाम्या जागा. तिथे शिक्षा महिन्यांत मोजतात. माणसाचं अख्खं आयुष्य त्या दोन जागांच्या मधे मावतं. पण कायद्यातल्या किमान शिक्षेच्या खाली काही या वाटेने जाता येत नव्हतं, तिथे येऊन लोक अडकले ते अडकलेच.

शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये, ट्रम्प यांच्या सहीने, फर्स्ट स्टेप अ‍ॅक्ट आला आणि त्याच्या कलम ४०४ ने २०१० चा बदल जुन्या केसेसनाही लावला. मधे ८ वर्षं गेली. तेही आपोआप नाही, अर्ज करायचा, कमी करायचं की नाही हे जज ठरवणार. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की आत असताना माणूस किती बदलला हेही जज विचारात घेऊ शकतो, तो निकाल वाचून खूप बरं वाटलं.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०२१ मध्ये, ३.९ ग्रॅम क्रॅकवाल्या एका माणसाला याच कोर्टाने एकमताने नाही म्हटलं होतं. म्हणजे माझ्या चमच्यापेक्षाही कमी माल आणि आधीच्या गुन्ह्यांमुळे शिक्षा १८८ महिने. कारण काय, तर २०१० मध्ये ५ आणि ५० ग्रॅमच्या, म्हणजे जिथून सक्तीच्या किमान शिक्षा सुरू होतात त्या, पायऱ्या बदलल्या, त्याच्या खालच्या पायरीला हातच लावला नव्हता, त्यामुळे त्याचं कलम ‘बदललेलं’ धरता येत नाही. जास्त मालवाले अर्ज करू शकतात आणि सगळ्यात कमी मालवाला नाही! कायद्याच्या शब्दांप्रमाणे निकाल बरोबर असेलही, पण मग ते शब्द काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बदलायला हवेत ना.

आणि २०१८ च्या त्याच कायद्यात अजून एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहितीये. ड्रगच्या मोठ्या केसमध्ये आधीचे दोन गुन्हे असले की सक्तीची जन्मठेप व्हायची, ती किमान २५ वर्षांवर आणली, छान. फक्त हा बदल २१ डिसेंबर २०१८ पर्यंत शिक्षा न झालेल्यांनाच. नोव्हेंबरमध्ये ज्याला जन्मठेप सुनावली गेली त्याच्यासाठी परत तेच, तारीख चुकली.