अमावास्या बघून तिकीट काढा

आम्ही दोघं नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे पार उत्तरेकडच्या देशांत रात्री आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, बघून आलो हे कळल्यापासून आळीतली पोरं विचारतात, "काकू, कधी जायचं? कुठे जायचं?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

उन्हाळ्यात तिकडे रात्र काळोखी होतच नाही, म्हणून सप्टेंबरअखेर ते मार्च. त्यातही दिवस-रात्र समान होतात त्या सुमाराचे आठवडे मला सर्वांत आवडतात, कारण हा प्रकाश पेटवणारी चुंबकीय वादळं तेव्हा जास्त होतात. मग तिथी बघा. सर्वपित्री अमावास्येच्या मागचेपुढचे दिवस उत्तम, गणपतीही उरकलेले असतात. शिमग्याची सुट्टी जोडून मात्र जाऊ नका, पौर्णिमेच्या चांदण्यात फिका प्रकाश विरून जातो. त्यापेक्षा पाडव्याच्या आदली अमावास्या मार्चात येत असेल तर ती धरा.

चुंबकीय वादळांशी आपल्या अलिबागचं जुनं नातं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ मध्ये इथे आलं. १८५९ च्या सप्टेंबरातलं प्रचंड सौरवादळ कुलाब्याच्या नोंदींत आहे. सूर्याकडून आलेल्या कणांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळलं की आपल्या वेधशाळेतली नोंदीची रेषाही हलते, आणि तिकडे उत्तरेत आकाश उजळतं. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे त्यांना आधी जरूर सांगा.

सगळे नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जातात. गाव सुंदरच आहे, पण समुद्रकाठचं, आणि ढगांपुढे कोणाचं काही चालत नाही. आम्ही डोंगरापलीकडे स्वीडनमधल्या आबिस्कोला गेलो. सह्याद्रीवर पाऊस रिकामा होतो आणि माण-खटाव कोरडं राहतं, तसंच तिथे. अटलांटिकचे ढग नॉर्वेच्या डोंगरांवर बरसतात, आबिस्कोला वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. किरुनाहून नार्विककडे जाणारी रेल्वे तिथे थांबते.

टोर्नेट्रेस्क तळ्याच्या काठी उभे होतो. आधी एक राखाडी पट्टा दिसला, मला तो ढगच वाटला. ह्यांनी मोबाइल धरला तर पडद्यावर हिरवा! मग डोळ्यांनाही हिरवा दिसू लागला, पट्ट्याला चुण्या पडल्या, खालची कड गुलाबी झाली आणि सगळं आभाळभर पळायला लागलं. हिरवा रंग शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा, ती गुलाबी कड नायट्रोजनची. मी हात जोडले होते, हे मला ह्यांनी नंतर सांगितलं.

चार-पाच रात्री तरी हाताशी ठेवा. केपी निर्देशांक, म्हणजे चुंबकीय खळबळ किती ते सांगणारा शून्य ते नऊमधला आकडा, एक-दोन असला तरी इतक्या उत्तरेला प्रकाश दिसू शकतो, तेव्हा आकडा लहान म्हणून झोपू नका, ढगांचा अंदाज बघा. बाहेर पडल्यावर वीसेक मिनिटं मोबाइलच्या पडद्याकडे बघू नका, डोळे काळोखाला सरावू द्या. आणि तो मोबाइल आतल्या खिशात ठेवा, त्या थंडीत बॅटरी झपकन उतरते.