केजीएफला जायचं तर मारिकुप्पमच्या गाडीने

कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे केजीएफ, हे कर्नाटकातलं सोन्याच्या खाणींचं गाव बघायला बहुतेक जण बेंगळुरूहून मोटारीने जातात, खाणीच्या चुऱ्याच्या, म्हणजे सायनाइडच्या टेकडीपाशी फोटो काढतात आणि जेवायच्या वेळेला परत निघतात. माझा आग्रह आहे की रेल्वेने जा. खाणी 28 फेब्रुवारी 2001 ला बंद पडल्या, पण त्यांच्यासाठी टाकलेला रूळ अजून रोज वापरात आहे, आणि आज हे गाव जगतंय ते त्याच रुळावर.

बंगारपेट जंक्शनपर्यंत चेन्नईचा मुख्य मार्ग. तिथून मारिकुप्पमपर्यंत जेमतेम सोळा किलोमीटरचा फाटा फुटतो, तो 1894 चा. कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन ही स्थानकांची नावंसुद्धा खाणींचीच. काम गेल्यावर हजारो कुटुंबं इथेच राहिली. घरातली कमावती माणसं पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. म्हणून सकाळी बेंगळुरूहून निघालात तर गर्दी समोरून येणाऱ्या गाडीत असते, तुम्हाला खिडकी मिळते. संध्याकाळी परततानाही तेच. तिकीट अगदी स्वस्त, प्रवास दोन-अडीच तासांचा. मधल्या वेळेत गाड्या विरळ आहेत, तेव्हा परतीची वेळ सकाळीच पाहून ठेवा.

आधी थेट मारिकुप्पमला, शेवटच्या स्थानकावर उतरा आणि रिक्षा करून मागे या. म्हणजे शाफ्टवरचे, खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवरांवरचे, लोखंडी मनोरे एकामागून एक दिसत जातात. जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी इथे 1880 मध्ये आली. पुढे चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. त्या खोलीवर दगड इतका तापलेला असे की थंड हवा खाली सोडल्याशिवाय काम होत नसे, आणि दाबाने खडक अचानक फुटून माणसं दगावत. सव्वाशे वर्षांत सुमारे 800 टन सोनं निघालं. ते काढणारे बहुतांश कामगार तमिळ, त्यांतले पुष्कळ दलित. त्यांच्या बुटक्या चाळींच्या ओळी आजही भरलेल्या आहेत. तिथून जाताना कॅमेरा आत ठेवा, ती माणसांची घरं आहेत.

वीज हा इथला आणखी एक मोठा पराक्रम. 1902 मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून जवळजवळ दीडशे किलोमीटर तारा ओढून ती खाणींत आणली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी.

मुंबईकरांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ याच खाणीत सुमारे 2300 मीटर खोल उपकरणं लावून बसले होते. जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 1965 मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांची नोंद केली, जगातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ती एक. ती जागा बघता येत नाही, खाली पाणी भरलंय. तिथे साधी एक मोठी पाटी तरी हवी होती असं मला फार वाटतं.

आता काळजीचं. खाणीच्या आवारात परवानगीशिवाय प्रवेश नाही, पहारेकरी असतात. मनोऱ्यांचे फोटो रस्त्यावरूनच घ्या. कुंपण ओलांडू नका, जुन्या खोदकामावरची जमीन खचू शकते. सायनाइडच्या टेकड्या म्हणजे सोनं काढून उरलेला चुरा. वारा सुटला की त्याची पूड उडते आणि तिचा त्रास इथले लोक वर्षानुवर्षं सोसताहेत. लांबून पाहा, मास्क लावा, लहान मुलांना जवळ नेऊ नका. जून-जुलैचा वाऱ्याचा काळ टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलेलं बरं.

खायला रॉबर्टसनपेठेच्या बाजारात इडली-डोसा सहज मिळतो. बोली तमिळ. कन्नड चालतं, इंग्रजीवरही भागतं, हिंदीवर फार विसंबू नका. निवृत्त खाणकामगार चहाच्या टपऱ्यांवर भेटतात. घाई न करता विचारलंत तर भरभरून बोलतात, माझा सगळ्यात चांगला वेळ तिथेच गेला.

हाताशी दोन तास उरले तर पेद्दपल्लीचा उशांसारख्या आकाराचा लाव्हा पाहून या. ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. रिक्षावाल्याशी जाण्या-येण्याचं भाडं आधीच ठरवा, कारण तिथून परतीचं वाहन मिळेलच असं नाही.