तुम्ही विचारलंत म्हणून: माझं सगळं लिखाण एका फोल्डरात का?

"तुम्ही ब्लॉग कशावर लिहिता?" असं विचारणाऱ्याला वर्डप्रेस किंवा ब्लॉगर यांपैकी एक उत्तर अपेक्षित असतं. मी ‘ब्लॉसम’ म्हणतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "त्याचं ॲप कुठे मिळतं?" ॲप नाही. लॉगिन नाही, डेटाबेस नाही, अपडेट करा म्हणून मागे लागणारा डॅशबोर्डही नाही. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक स्क्रिप्ट आहे आणि साध्या टेक्स्ट फाइलींचा एक फोल्डर. हे लग्नाच्या पंगतीत समजावून झालंय, ईमेलवर समजावून झालंय. आता एकदाच सविस्तर.

ब्लॉसम लिहिलं राएल डॉर्नफेस्ट यांनी. तेव्हा ते ओरायली या संगणकाच्या पुस्तकांच्या प्रकाशनगृहात होते. २.० ही आवृत्ती २००३ सालची. अख्खं इंजिन एका फाइलीत, तेही काही शे ओळींचं. थोडंफार पर्ल येणारा माणूस ते एका बैठकीत वाचून काढतो, आणि माझ्या लेखी हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. जे चालतंय ते आपल्या नजरेखालून गेलेलं असतं.

बसवायला फार काही लागत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सेटिंग्ज असतात: साइटचं नाव, भाषा (तिथलं ‘ईएन’ काढून ‘एमआर’ करा), फाइलींचा फोल्डर कुठे आहे, पहिल्या पानावर किती लेख दाखवायचे. हा आकडा मुळात ४० असतो. मी तो दहावर आणला, एवढं कोण वाचतंय. मग स्क्रिप्ट सर्व्हरच्या सीजीआय-बिनमध्ये (ज्यातल्या स्क्रिप्ट सर्व्हर चालवतो त्या फोल्डरात) ठेवायची, परवानगी ७५५ (म्हणजे ती चालवता येईल अशी) करायची आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा. ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ आला तर आधी स्क्रिप्ट विंडोजवर सेव्ह झाली होती का ते बघा. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर घालतं आणि पहिल्याच ओळीतलं ते अक्षर लिनक्सला चालत नाही. होस्टिंगवर सीजीआयची सोयच नसेल तर हीच स्क्रिप्ट आपल्या संगणकावर पासवर्ड देऊन चालवता येते. ती तयार एचटीएमएल पानं काढून देते, ती पानं सर्व्हरवर चढवायची. मी तेच करतो.

लिहायचं कसं, तर नोटपॅड उघडायचं. पहिली ओळ शीर्षक, त्याखाली सगळा मजकूर, फाइलीच्या नावाला शेवटी ‘टीएक्सटी’, संपलं. फोल्डरात पोटफोल्डर केला की तो झाला विभाग. नुसत्या मजकुराचे परिच्छेद पडत नाहीत, त्यासाठी मार्कडाउन (साध्या खुणांचं एचटीएमएल करून देणारं साधन) लागतं. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउनची जी मूळ पर्ल फाइल काढली, तिच्या नावाच्या शेवटचं ‘.pl’ काढून ती ब्लॉसमच्या प्लगिन (जोडस्क्रिप्ट) फोल्डरात टाकली की चालते, आतलं काही बदलावं लागत नाही. प्लगिन बंद करायचं तर त्याच्या नावाच्या शेवटी एक अंडरस्कोर जोडायचा. मला अशा सोयी आवडतात.

आता तारीख. लेखाची तारीख कुठे लिहायची हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आणि उत्तर आहे: कुठेच नाही. फाइल शेवटची सेव्ह केली ती वेळ म्हणजे लेखाची तारीख. कल्पना देखणी आहे आणि तितकीच खोडकर. २०११ च्या लेखात तुम्ही एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केलीत की तो लेख आजचा होऊन पहिल्या पानावर सगळ्यात वर येऊन बसतो. यावर लिनक्सचा ‘टच’ हा कमांड. दुरुस्तीआधी एका रिकाम्या फाइलीला लेखाची वेळ चिकटवून ठेवायची, दुरुस्ती करायची, मग तीच वेळ लेखाला परत चिकटवायची. ‘टच’ला ‘वजा आर’ हा पर्याय दिला की एका फाइलीची वेळ दुसरीला लागते. मी या तीन पायऱ्यांची छोटी स्क्रिप्ट करून ठेवली आहे, त्यामुळे आता विचारही करावा लागत नाही.

याच खोडीचा फायदाही आहे. फाइलीला पुढची तारीख लावली तर ब्लॉसम ती वेळ येईपर्यंत लेख दाखवतच नाही. दिवाळीचा लेख गणपतीत लिहून ठेवता येतो. (माझ्यासारखी तयार पानं काढत असाल तर त्या दिवशी स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागते.) पण फोल्डर गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ठेवणार असाल तर सावधान: गिट फाइलींच्या वेळा जपत नाही. नव्या संगणकावर क्लोन केलं की तुमचं सगळं लिखाण आज एका दिवसात झालेलं असतं. नुसत्या ‘सीपी’ या कॉपीच्या कमांडचंही तेच. बॅकअप ‘आरसिंक’ या कमांडला ‘वजा ए’ हा पर्याय देऊन किंवा ‘टार’ने घ्या. २००८ मध्ये आलेल्या जेकिल या अशाच दुसऱ्या ब्लॉग-साधनाने तारीख थेट लेखाच्या फाइलीच्या नावातच घातली. तो शहाणपणाचा मार्ग, हे मान्य.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी दोन गोष्टी लागतात. विभागाच्या फोल्डरचं नाव रोमन अक्षराने सुरू व्हायला हवं, कारण पत्त्यातल्या ज्या तुकड्याच्या सुरुवातीला रोमन अक्षर आहे तोच ब्लॉसम विभाग समजतं. आकडे दिसले तर ते साल. तसंही पत्त्यात देवनागरी नकोच. एका देवनागरी अक्षरचिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइट, त्यांची पत्त्यात नऊ अक्षरं होतात. ‘मराठी’ एवढ्या शब्दाची ४५. असा पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की लोकांना व्हायरस वाटतो. दुसरं, महिन्यांची नावं इंग्रजीत येतात. एक छोटं प्लगिन लिहा: महिन्याचा आकडा घेऊन ‘जानेवारी’पासूनच्या यादीतलं नाव द्यायचं, बस्स.

फाइल मात्र यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा. युनिकोड रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या साइट वाचायला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. माझ्या त्या काळातल्या वर्ड फाइली आजही उघडतात, पण त्यांत इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ब्लॉसमसाठी लिहिलेली एकही फाइल अशी वाया गेलेली नाही.

फोनवरून लिहायचं असेल, फोटो खूप असतील, वाचकांशी तिथल्या तिथे गप्पा हव्या असतील, तर वर्डप्रेसच घ्या. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही.

"पण हे इतकं जुनं, उद्या बंद पडलं तर?" हा शेवटचा प्रश्न हमखास येतो. मी एकदा सगळा फोल्डर ह्यूगो या तयार पानं काढणाऱ्या नव्या साधनाला देऊन पाहिला. शीर्षक आणि तारीख ह्यूगोला हवी तशी प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर चढवणारी जेमतेम पानभर स्क्रिप्ट लागली, बाकी मजकूर जसाच्या तसा. पानं झटक्यात तयार झाली, दिसलीही छान. तरी परत ब्लॉसमवरच आलो. ह्यूगोचा कोड माझ्याच्याने वाचून संपायचा नाही.